सगळ्यांत जाड रेघ

पडद्यावरची रेघ कालच्यापेक्षाही जाड झाली होती. डॉ. विश्राम उपाध्ये माळ्यावरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होता आणि समोरचा चहा निवत चालला होता.

खाली शेडमध्ये माणसं चार-चार जणांच्या टेबलांवर चित्रं रंगवत बसली होती. प्रत्येकाच्या कपाळाला बोटभर रुंदीची लयपट्टी होती आणि पडद्यावर प्रत्येकाचा एक ठिपका. ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा बहुतेक केसाएवढ्या बारीक. एकच अंगठ्याएवढी होती. तिच्या एका टोकाला शालन उपाध्ये, दुसऱ्या टोकाला केरबा लोहार, आणि मध्ये आकडा : चौऱ्याहत्तर.

शालन ही विश्रामची बायको. काल संध्याकाळी त्याने घरी दोघांच्या कपाळांना पट्ट्या लावून तिच्याशेजारी तासभर बसून पाहिलं होतं. आकडा एकोणिसाच्या वर सरकला नव्हता.

इचलकरंजीतल्या या शेडमध्ये पूर्वी यंत्रमाग चालत. पुढे मागांना माणसं लागेनाशी झाली, तशी माणसं घरी बसली, आणि बसली ती बसलीच. आठवडेच्या आठवडे कुणाशी चार शब्दही न बोललेले लोक गल्लोगल्ली निघू लागले. तेव्हा रेश्मा पटवेगार या कलोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ही रिकामी शेड मागून घेऊन तिथे रंगशाळा काढली. रेश्मा एके काळी विश्रामची विद्यार्थिनी. कुणाला कुणाशेजारी बसवलं म्हणजे जीव लागेल, हे ओळखायचं यंत्र तिला हवं होतं, आणि ते विश्रामकडे होतं.

दोन मेंदू एकाच वेळी एकाच गोष्टीवर खिळले, की त्यांच्या लहरी एका ठेक्यात पडतात, भजनात टाळ पडतात तशा. विश्रामने या मेळाला सहलय असं नाव दिलं होतं. लयपट्टी सहलय मोजायची, आणि ज्यांचा आकडा मोठा त्यांना यंत्र दुसऱ्या दिवशी एका टेबलावर बसवायचं. सहा आठवड्यांत शेडमधली निम्मी माणसं एकमेकांच्या घरी जाऊ-येऊ लागली होती.

शालनला वाचाघात होऊन चौदा महिने झाले होते. भूगोलाची शिक्षिका, फळ्याकडे न बघता खडूने जगाचा नकाशा काढणारी बाई. झटक्यानंतर तिला समजायचं सगळं, पण शब्द एकही येत नव्हता आणि उजवा हात थरथरायचा. तिला रंगशाळेत विश्रामनेच आणलं. यंत्राने पहिल्याच आठवड्यात तिला केरबाच्या टेबलावर बसवलं.

केरबा पाट्या रंगवणारा. गावातल्या निम्म्या दुकानांवर एके काळी त्याची अक्षरं होती. फ्लेक्स आले, मग विजेचे पडदे आले, आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून गेले. बायको गेल्यावर त्याने बोलणंच टाकलं होतं. आता तो शालनशेजारी बसायचा, तिच्यासाठी रंग कालवायचा, आणि तिचा ब्रश कागदाला टेकला की श्वास रोखून बघत राहायचा. एकदा शालन हसली. विश्रामने ते माळ्यावरून पाहिलं. चौदा महिन्यांत ती घरी हसली नव्हती.

त्या दिवसापासून त्याचं इतर कशात लक्ष लागेना. प्रत्येक टेबलावर कॅमेरा होता. त्याने शालनच्या टेबलाचं चित्र मोठं करून ठेवलं. तिचा हात कधी थरथरतो, केरबाचा हात किती जवळ येतो, तिच्या पदराला कुठला रंग लागतो, सगळं तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. घरी तो तिला केरबाबद्दल विचारायचा आणि उत्तर येणार नाही हे माहीत असूनही वाट पाहायचा. ती नुसती त्याच्याकडे बघायची. त्या बघण्याचाही त्याने भलताच अर्थ काढला.

शेवटी त्याने न करायचं ते केलं. कोण कुठे बसणार याच्या यंत्रातल्या याद्यांत हात घालून केरबाला टोकाच्या टेबलावर पाठवलं आणि शालनच्या शेजारी यादीत स्वतःचं नाव घालून जाऊन बसला. शालनने दोन रेघा ओढल्या, दाराकडे पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला. चार दिवस हेच चाललं. आकडा बारावर आला. पाचव्या दिवशी ती घरातून निघायलाच तयार होईना.

त्याच दुपारी रेश्मा माळ्यावर आली. याद्या बदलल्याचं तिला कळलं होतं. ती ओरडली नाही. स्टूल ओढून समोर बसली आणि त्याने असं का केलं ते विचारलं. विश्रामने आधी यंत्रातल्या दोषाचं कारण दिलं. मग म्हणाला, "चौऱ्याहत्तर, रेश्मा. परक्या माणसाशी चौऱ्याहत्तर आणि माझ्याशी बारा. एकतीस वर्षांचा संसार आहे आमचा."

"सर, सहलय म्हणजे प्रेम नव्हे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. दोघांचं लक्ष एका गोष्टीवर आहे, एवढंच ती सांगते. त्या दोघांचं लक्ष चित्रावर होतं."

"आणि मी शेजारी बसलो तेव्हा?"

"तुम्ही चित्राकडे किती वेळ बघितलंत?"

विश्राम तेव्हा शालनचा चेहरा बघत होता, आणि मधूनमधून मोबाइलवर आकडा. शालन त्याच्याकडे बघत होती. दोघं एकमेकांकडे, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींकडे. बाराचा आकडासुद्धा जास्तच होता.

रेश्मा म्हणाली, की याद्या तपासताना तिला आणखी एक गोष्ट दिसली आहे. शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला पट्टी लावावी लागे, डॉक्टरांनाही. फक्त त्यांचे ठिपके पडद्यावर दाखवत नसत. जागा बदलण्याआधीच्या दिवसांच्या नोंदींत तिने ते दाखवायला लावले. माळ्याच्या जागी एक ठिपका उगवला आणि त्यातून एक रेघ खाली गेली. तळहाताएवढी जाड. अठ्ठ्याऐंशी. सहा आठवड्यांतला शेडमधला सगळ्यांत मोठा आकडा.

"शालनशी?" विश्रामने विचारलं.

"केरबांशी."

त्याने पुन्हा पाहिलं. रेघ केरबाच्याच ठिपक्याला भिडली होती.

"शालनताईंचा हात," रेश्मा म्हणाली. "तो थरथरला की तुमचा श्वास अडकायचा, केरबांचाही. एकाच क्षणी, रोज तीन तास. त्या स्वतः चित्र बघत होत्या, सर. चित्र केरबाही बघत होते, पण शालनताईंचा हात फक्त तुम्ही दोघं बघत होतात."

तिने याद्यांतला त्याचा बदल पुसला आणि डॉक्टरांचे ठिपके गणनेत धरून यंत्र पुन्हा चालवलं. नियमाप्रमाणे यंत्राने उद्याच्या जागा लावल्या. टेबल पाच : केरबा लोहार, विश्राम उपाध्ये.

दुसऱ्या दिवशी आपण केलेला बदल पुसला गेल्याचं त्याने सांगितल्यावर शालन निघाली, आणि तो टेबल पाचवर जाऊन बसला. अठ्ठ्याऐंशीपुढे चौऱ्याहत्तर मागे पडले होते, म्हणून शालनची जागा पलीकडच्या टेबलावर होती. केरबाने डोकं वर न करता त्याच्यासाठी रंग कालवायला घेतला. मग विश्रामने मनातला प्रश्न विचारून टाकला : शालनच्या हाताकडे तो एवढं का बघत होता?

"आमच्या हिराचा हात बी असाच कापायचा शेवटी," केरबा म्हणाला. "तवा मी बगितलं न्हाई. शिडीवर हुतो, पाट्या रंगवत. म्हटलं, ह्यो तरी बगावा." ब्रश पुसत तो म्हणाला, "तुमी वरनं बगता, ते ठावं हुतं मला. बरं वाटायचं. आनि कुनीतरी बगतंय म्हनून."

विश्रामचा मत्सर विरून गेला असं नाही. केरबाच्या बायकोचं, हिराचं नाव ऐकूनही त्याच्या मनात आलं, की हा माणूस शेजारून बघत होता आणि मी माळ्यावरून. पण केरबाने ब्रश त्याच्या हातात दिला, आणि 'श' हे अक्षर पाटीवर कसं बसवायचं ते दाखवू लागला. वळण कुठे जाड, कुठे सोडायचं. विश्रामला ते जमेना. केरबा हसला. तिसऱ्या 'श'ला दोघांची डोकी पाटीवर इतकी वाकली, की भोवतालची शेड त्यांना दिसेनाशी झाली.

त्यांच्या पाटीवर सावली पडली.

शालन उभी होती. आपलं टेबल सोडून आली होती. तिच्या नाकपुड्या फुललेल्या, ओठ घट्ट मिटलेले. हा चेहरा विश्रामने आधी पाहिला होता. गेले काही आठवडे दाढी करताना तो आरशात दिसत असे.

तिने कोपराने विश्रामला बाजूला सारलं, बाकावर दोघांच्या मध्ये बसली आणि ब्रश हिसकावून घेतला. विश्रामच्या मनात आलं, हिला मत्सर वाटला तो कुणाचा? माझा की केरबाचा? माळ्यावर जाऊन बघता आलं असतं. पण तिचा हात थरथरत पाटीकडे निघाला होता, आणि दोघांनी श्वास रोखला.