उतारावरचे कुंभे

एलिसा डाबरेनं आधी कोयता पाहिला, मग कोयता धरलेला हात, आणि माणसाकडे तिची नजर गेली ती सगळ्यात शेवटी. २००२ सालच्या ऑगस्टमधला रविवार होता. चिंचोटीच्या वरच्या गायरानात पाऊस भुरभुरत होता, आणि त्या माणसाच्या पायाशी तिनं लावलेलं कुंभ्याचं दोन वर्षांचं झाड आडवं पडलं होतं.

"हे कोणी कापलं?"

"मीच," तो हसून म्हणाला. "रान फार माजलंय हो. साफ केल्याशिवाय खड्डे कसे काढणार? आम्ही गोखिवऱ्याहून आलोय... झाडं लावायला."

त्याच्या मागे सारख्या टोप्या घातलेली वीसेक माणसं होती. गुलमोहराची रोपं पिशव्यांतून ओळीनं मांडून ठेवली होती. कोणीतरी फोटो काढत होतं.

"झाड लावायला तुम्ही झाड कापलंत."

तो खाली वाकला. कापलेला शेंडा त्यानं उचलून पाहिला. "हे... झाड होतं?"

या प्रश्नानं तिच्या डोक्यात सणक गेली. उमेळ्यात तिच्या घराभोवतीच्या वाड्या एकेक करून बिल्डिंगांखाली गेल्या, तेव्हा ती शाळकरी होती, काही करू शकली नव्हती. आता ती स्वतः शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि गेली चार वर्षं दर रविवारी चर्चमधली पहिली मिस्सा आटोपून या उतारावर येत होती. उन्हाळ्यात याच डोंगरात हिंडून बिया गोळा करायच्या, वाडीत रोपं वाढवायची आणि पावसाळ्यात इथं आणून लावायची. कुंभा, ऐन, कुसुम, असाणा. पूर्वी इथं जे होतं आणि तोडीत गेलं, तेच परत आणायचं होतं तिला.

तिनं त्याच्या हातातून कोयता काढून घेतला. नाव विचारलं. कौस्तुभ सोमण, त्यानं सांगितलं, गोखिवऱ्याच्या वृक्षारोपण मंडळाचा चिटणीस.

"तर चिटणीस, चला माझ्याबरोबर. उरलेली कुठं कुठं आहेत ती दाखवते. एकालाही हात लागला, तर हाच कोयता घेऊन तुमच्या गोखिवऱ्याला येईन."

"पत्ता देऊ का?"

ती हसली नाही. त्यानंही मग हसू आवरलं आणि मुकाट्यानं मागोमाग चालू लागला.

पुढच्या रविवारी तो एकटाच आला. टोपी नव्हती. त्यानं स्वतः लावलेले अकरा गुलमोहर उपटले, पिशव्यांत भरले आणि विचारलं, "आता?"

"आता गवत काढा. हातानं. आणि प्रत्येक पान मला विचारून."

"प्रत्येक?"

"तुमच्यावर भरवसा नाही माझा."

तो खरोखरच प्रत्येक पान विचारू लागला. गोखिवऱ्यातल्या कारखान्यात तो सुटे भाग मोजून-तपासून पास करायचा, त्यामुळे चिकाटी भरपूर होती. हे काय? एरंड. आणि हे? गवत, कौस्तुभराव, साधं गवत. दिवाळीपर्यंत त्याला ऐन आणि असाण्याचा कोवळा पाला वेगळा ओळखता यायला लागला. थंडीत दोघांनी वणव्यापासून राखायला उताराभोवतीचं गवत पट्ट्यानं कापून काढलं. त्याच्या तळहाताला फोड आले, तेव्हा एलिसानं स्वतःचा रुमाल फाडून बांधला... आणि बांधताना "नीट धरता येत नाही का कोयता?" म्हणून रागावलीही. फेब्रुवारीत एका जुन्या कुंभ्याला फुलं आली. तो पाकळ्यांतले लांब केसर बघत राहिला, आणि ती त्याच्याकडे. आपण बघतोय हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

मे महिन्यात बिया वेचताना तो म्हणाला होता, "तुम्ही रागावला नाहीत असा एक रविवार मला दाखवा."

"तसा कशाला हवाय तुम्हाला?"

"नकोच आहे. सवय झालीय."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी, शाळेत मंडळाची निमंत्रणपत्रिका आली. येत्या रविवारी चिंचोटीच्या उतारावर पाच हजार गुलमोहर आणि सुबाभूळ लावण्याचा भव्य कार्यक्रम. जागा यंत्रानं सपाट करून घेतली जाईल. परवानगी मिळाली होती, आणि अर्जदार म्हणून खाली नाव होतं चिटणीसांचं.

शुक्रवारी शाळेला अर्धी रजा टाकून ती कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत कौस्तुभ बाहेर आला. तिच्या हातातलं कार्ड बघून तो जागीच थांबला.

"अर्ज गेल्या जुलैतला आहे," तो म्हणाला. "तुमची ओळख व्हायच्या आधीचा."

"आणि परवानगी?"

"तीन आठवड्यांपूर्वी आली. मी बैठकीत भांडलो, एलिसा. त्यांनी ऐकलं नाही. वाटलं, अजून थोडं समजावलं तर..."

"तीन आठवडे. तीन रविवार तुम्ही माझ्या शेजारी बसून रोपं लावलीत, जी यंत्राखाली जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता, आणि त्यामुळेच त्याला मान वर करवेना. "कोयत्यानं कापलीत तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. आता सगळी नावं माहीत आहेत."

कार्ड त्याच्या हातात कोंबून ती निघून गेली. शनिवारी सरपंचांकडे, पंचायतीत, सगळीकडे जाऊन आली. कागद पक्का आहे, असंच सगळ्यांनी सांगितलं. रविवारी ती मिस्सेला गेली, पण डोंगरावर गेली नाही. बघवलं नसतं.

दुपारी वाडीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. तिचे वडील, लुईस, केळीला आधाराचे बांबू लावत होते. त्यांनी हाक मारली, "एलिसा, बघ गो कोन आलाय."

कौस्तुभ होता. केसांपासून टाचांपर्यंत चिखल. टेम्पोत सिमेंटच्या गोण्या होत्या, आणि प्रत्येक गोणीत मुळांभोवतीच्या मातीसकट खणून काढलेलं एकेक रोप.

"चौसष्ट आहेत," तो म्हणाला. "परवा दुपारपासून खणत होतो. सोटमूळ तुटू नये म्हणून वेळ लागला. सगळी नाही निघाली... वरचा उतार गेला. खालच्या अर्ध्यात मी यंत्रापुढं बसून राहिलो. चिटणीसच आडवा बसलाय म्हटल्यावर, पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मंडळवाले मागं फिरले. आता मी चिटणीस नाही."

एलिसा गोण्यांकडे बघत होती. वरचा उतार म्हणजे पहिल्या वर्षीची रोपं. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि ते तिनं पुसलंही नाही.

"तू मला आधी सांगितलं असतंस तर दोघांनी मिळून सगळी काढली असती," ती म्हणाली. "का गप्प राहिलास?"

पहिल्यांदाच तिच्या तोंडी 'तू' आला होता. दोघांनाही ते कळलं.

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलायची थांबली असतीस," तो हळूच म्हणाला. "तुझं रागावणं मला चालतं, एलिसा. तू बोलली नाहीस तर... ते नाही जमत."

"म्हणजे झाडांपेक्षा मी मोठी?"

"त्या तीन आठवड्यांत, हो. चुकलं माझं."

"चुकलंच. आणि मी हे विसरणार नाही." ती टेम्पोच्या फळीला धरून उभी होती. "यातली किती तगतील ते कळायला दोन पावसाळे जातील. तोवर राग राहणारच. आणि तू आवडतोस मला, कौस्तुभ, त्याचाही राग आहे."

चिखलानं माखलेला हात त्यानं फळीवर, तिच्या हाताशेजारी ठेवला... लागेल न लागेल असा. तिनं तो सरकू दिला नाही, वरून आपला हात दाबून धरला.

लुईस केळीआडून दोघांकडे बघत होते. मुलीचं तोंड त्यांना दुरूनही वाचता येत असे. थोडा वेळ त्यांनी बांबूची दोरी उगाच पुन्हा आवळली, मग खाकरून विचारलं, "पोरा, तुला पानी देऊ? आणि जेवनार ना तू?"

"जेवेल तो, पप्पा," एलिसा म्हणाली आणि भिंतीला टेकवलेली कुदळ उचलून तिनं त्याच्या हातात दिली. "पण आधी चौसष्ट खड्डे."