मंगळवारची नळी

"डॉक्टर, कागदावर 'भाकरीत विष' एवढंच लिवा. फौजदार हिला न्हेतील!" शिवप्पा ओरडतच दवाखान्यात शिरला. त्याच्या धाकट्या भावाची बायको निंगव्वा उंबऱ्याशीच थांबली.

बाकावर तो भाऊ, चन्नवीर, पोट आवळून पडला होता. मागावरूनच उचलून आणलेला. मुठीत आडवं सूत फेकायचा धोटा तसाच होता. फौजदार बाहेर विडी ओढत थांबले होते. घरच्या सुनेला दोष द्यायला कुणाला फारसा पुरावा लागत नाही!

पोटाच्या अस्तराची जुनी सूज किती, ते जोखायला डॉक्टर यज्ञेश्वर महिनाभर दर मंगळवारी आणि शनिवारी चन्नवीरच्या पोटात रबरी नळी घालून रस काढत होते. आज शनिवार. आताच काढलेल्या रसात रक्ताच्या रेषा होत्या. मंगळवारी सकाळी मात्र नुसता थोडा चिकटा निघे.

"निंगव्वा, सोमवारी हा काय खातो?"

"सोमवारी माग बंद असतोय. दोनी येळा माज्याच हातचं खात्यात."

"आणि मंगळवारी सर्वांत बरा?"

"व्हय. द्येवाशपथ!" ती रडू लागली.

डॉक्टरांनी चन्नवीरचा ओठ खाली ओढला. हिरड्यांना हिरवट कड होती.

"सूत कोण रंगवतं?"

"मीच की," शिवप्पा छाती काढून म्हणाला. "मोरचुदानं रंग लई पक्का करतोय."

"मग धुतोस?"

"औंदा पाणी कुटं हाय? तसंच वाळवतोय."

"चन्नवीर, धोटा ओवून दाखव."

त्यानं सवयीनं धोट्याच्या भोकाला ओठ लावले आणि सूत श्वासानं ओढलं.

"थांब! दिवसातनं किती वेळा?"

"धोट्यातली सुताची कांडी सरली की... शंभरदा तरी."

डॉक्टरांनी सुताचा तुकडा लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकला, त्यात घासलेला चाकू उभा केला. थोड्या वेळानं पात्यावर तांबूस थर चढला. आजच्या रसातही तसाच थर चढला.

"विष आहे, शिवप्पा. मोरचुदातलं तांबं. निंगव्वाच्या भाकरीत असतं, तर सोमवारच्या जेवणानं मंगळवारी रक्त आलं असतं. माग बंद असला की सूज उतरते. सूत तुझं, रंग तुझा. अजाणता का होईना, देणारा तूच. आणि चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालास!"



"बरे व्हतील न्हवं?" निंगव्वानं विचारलं.

"सूज जुनी आहे, बाई. मला सांगता येत नाही."

फौजदार आत आले. "कुणाला न्यायचं?"

शिवप्पानं दोन्ही हात पुढे केले. निंगव्वानं तिकडं पाहिलंही नाही. ती नवऱ्याच्या मुठीतला धोटा सोडवत होती.