मागच्या दाराची सही

दिवा तसाच बारीक राहू दे. आणि धाकट्या, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच खिदळलेलं मला चालत नाही.

माझा एक मित्र होता. आम्ही त्याला भिंगवाला म्हणायचो. सह्या तपासणं हा त्याचा धंदा. नामवंतांची सही म्हणून कुणी कागद आणला की ती खरी की बनावट हे सांगायचं आणि तसा दाखला लिहून द्यायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एका जुन्या सभागृहाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली. सभागृह कधीच बंद पडलेलं, आत गालिच्यांचं गोदाम. दिवसदिवस बोलायला माणूस नाही, म्हणून हा भिंगाशी बोलायचा. मी चेष्टा करायचो, पण आतून मला त्याचं वाईट वाटायचं.

त्याचे दोन नियम होते. सही उलटी ठेवून बघायची, म्हणजे नाव वाचलं जात नाही, नुसती रेघ दिसते. आणि शाईला बोट लावायचं नाही. "रेघेचं ऐकायचं," म्हणायचा. "माणसं काय, काहीही सांगतात."

तेरा नोव्हेंबरच्या दुपारी त्याच्याकडे एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील. त्यांनी पिशवीतून एक कार्यक्रमपत्रिका काढली. चाळीस वर्षांपूर्वीची, व्हायोलिनच्या मैफलीची. खाली निळ्या शाईत वादकाची सही.

"विकायचीय?" यानं विचारलं.

"नाही हो. आमचे हे गेल्या महिन्यात गेले. मला एवढंच कळायला हवंय, की हे माझ्याशी खोटं बोलले होते का."

मग त्यांनी सांगितलं. मैफल याच सभागृहात होती. तिकीट मिळालं नव्हतं. बाईंना सहीची हौस, म्हणून नवरा दारवानाकडून एक पत्रिका मागून घेऊन या गल्लीत, मागच्या दाराशी उभा राहिला. रात्री एक वाजता घरी आला तो लहान मुलासारखा खुशीत. म्हणाला, दुसरा भाग सगळा बाहेरून ऐकला. मग वादक एकटाच बाहेर आला. त्यानं विचारलं, दुसरा भाग कसा झाला? मी म्हटलं, बाहेरूनच ऐकला, पण फार छान झाला. मग त्यानं सही दिली. हात फार गार होता.

"आणि सकाळी पेपरात बातमी," बाई म्हणाल्या. "वादक मध्यंतरातच वारले, आतल्या खोलीत. दुसरा भाग झालाच नाही. लोक समोरच्या दारानं घरी गेले. मी यांना विचारलं, मग एकपर्यंत कुठं होता? यांचं आपलं तेच उत्तर. मी कधीच मानलं नाही. चाळीस वर्षं एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. दवाखान्यातसुद्धा शेवटी म्हणाले, सही तेवढी तपासून घे."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, रात्री जेवून भिंगवाला कामाला बसला. बाहेर झिमझिम पाऊस होता. पत्रिका उलटी ठेवली. शेजारी त्याच वादकाच्या पाच खऱ्या सह्या. बनावट सही करणारा मध्ये अडखळतो, हात उचलतो. इथं रेघ सरळ वाहत गेली होती, कुठं थांबा नाही. रेघ म्हणत होती, खरी आहे.

पण गेलेला माणूस सही कशी देईल? आयुष्यात पहिल्यांदा यानं रेघेचं ऐकलं नाही. दाखल्यावर लिहिलं, बनावट. खाली तारीख टाकली, चौदा नोव्हेंबर. आणि सहज पत्रिकेकडे बघितलं. मैफलीची तारीखही तीच.

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

व्हायोलिन ऐकू आलं...

याला आधी वाटलं, कुणाचा तरी रेडिओ. पण आवाज समोरून येत होता. गोदामातून. कुलूपबंद गोदामातून.

हा खिडकीशी गेला. गल्लीत एकच दिवा. दिव्याखाली एक माणूस. पाठमोरा. हातात कागद, छातीशी धरलेला. पावसात तो नुसता ऐकत होता. भिंगवाला मला म्हणाला, इतकं एकटं माणूस मी कधी पाहिलं नाही. आरशातसुद्धा नाही.

सूर थांबले.

टाळी नाही. काहीच नाही...

मागचं दार उघडलं. कोण आलं, दिसलं नाही. आवाज तेवढा आला, दमलेला.

"दुसरा भाग कसा झाला?"

"बाहेरूनच ऐकला," दिव्याखालचा माणूस म्हणाला. "पण फार छान झाला."

मग कागदावर पेन चालल्याचा आवाज. दोन मजले खाली. तरी कानाशी.

आणि मग गल्ली रिकामी...

हा मागे वळला. टेबलावर पत्रिका होती तशीच. पण सही चमकत होती. यानं नियम मोडला. अंगठा टेकवला.

शाई फिसकटली.

सकाळी बाई आल्या. यानं दाखला फाडून टाकला आणि सगळं सांगितलं. त्या फिसकटलेल्या सहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे एकटेच होते?"

"हो."

"म्हणजे अजून उभेच आहेत."

नवा दाखला त्यांनी घेतलाच नाही. पत्रिका घेऊन खाली गेल्या. यानं वरून पाहिलं. बाई दिव्याखाली थांबल्या, शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मी मानलं. चला आता घरी, किती उशीर केलात."

आणि दोन माणसं चालतात तशा, एका बाजूला जागा सोडून, गल्लीतून निघून गेल्या.

भिंगवाला त्यानंतर अकरा वर्षं जगला. अंगठ्याचा निळा डाग काही गेला नाही. विचारलं की हसायचा. तो गेला त्या रात्री मी त्याच्या उशाशी होतो. दुसरं कुणी नव्हतंच. म्हटलं, आता तरी हात स्वच्छ करू. रुमाल घेतला आणि अंगठा पुसला.

शाई ओली होती.