घरात आणखी कोणी

जमादारांच्या दुकानात चौदा कमोड ओळीनं मांडलेले होते आणि अण्णा त्यांतल्या प्रत्येकावर बसून पाहत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वय, कडक इस्त्रीची पँट, मांडीवर आडवी काठी. गुडघे काटकोनात येतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांची मुलगी वृंदा मागे मापांचा कागद घेऊन उभी होती. खालचा पाइप भिंतीपासून नऊ इंचांवर. जुनं उकिडवं बसायचं भांडं काढायचं. आईला तेच लागायचं. आई जाऊन आता पाच महिने झाले होते.

"काका, उंची सगळ्यांची सारखीच," जमादार म्हणाले. "फरक पोटात आहे."

त्यांनी नवव्या कमोडवर हात ठेवला. त्याच्या चकाकीखाली कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ थर होता. 'परखपटल' म्हणायचे त्याला. पाण्यातून जाणारा उजेड कसा बदलतो, यावरून पाण्यात काय मिसळलंय ते या पटलाला कळे. डोळ्यांना न दिसणारं रक्तसुद्धा. बसलेलं माणूस कोण, हे वजनावरून आणि मांडीतल्या नाडीवरून समजे.

जमादारांनी आधी बिटाचा रस ओतला. पाणी लालभडक झालं, पण काठावरचा दिवा लागला नाही. मग बादलीभर पाण्यात कंपनीनं दिलेल्या रक्ताच्या नमुन्याचा एकच थेंब टाकून त्यातलं पेलाभर ओतलं. मंद पिवळा दिवा लागला.

अण्णांनी चौतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. दुसऱ्यानं केलेल्या चाचणीवर त्यांचा कधीच विश्वास नसे. त्यांनी पेला मागून घेतला, बादलीतलं थोडं पाणी दहापट पातळ केलं, भांडं स्वच्छ करायला लावलं आणि स्वतः ओतलं.

दिवा लागला.

अण्णांनी पेला खाली ठेवला. "आम्हाला यासाठी अख्खी दुपार लागायची," ते म्हणाले. "तरी खात्रीनं सांगता यायचं नाही. ज्यानं बनवलं त्याला नमस्कार सांगा."

"त्याला इकडं बोलावलं तर तुम्ही त्याचीही चाचणी घ्याल, काका."

वृंदा हसली. कित्येक दिवसांनी.

आईच्या वेळी असं यंत्र घरात नव्हतं. इमारतीला मात्र होतं. पालिकेनं प्रत्येक इमारतीच्या सांडपाण्याच्या चेंबरमध्ये एक पहारेकरी नळी बसवली होती. तिला सगळ्या घरांचं मिळून येणारं पाणी कळे, माणूस कळत नसे. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडून कळवण्यात आलं, की इमारतीतल्या कोणाच्या तरी आतड्यातून रक्त जातंय. सोसायटीची सेक्रेटरी आईच. तिनं तळमजल्याच्या फळ्यावर गोल अक्षरांत सूचना लिहिली, सगळ्या रहिवाशांची यादी केली आणि चोवीस घरांतल्या माणसांच्या मागे लागून तपासण्या करून घेतल्या. अण्णांना तर तिनं हाताला धरून नेलं. सगळे ठणठणीत निघाले. नळी तेच सांगत राहिली आणि आई सात महिने फळ्यावरची तारीख बदलत राहिली, तिनं स्वतः अंथरूण धरेपर्यंत.

ती गेल्यावर वृंदाला ती यादी सापडली. एकाहत्तर नावं होती. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या तान्ह्या बाळाचंही होतं. आईचं नव्हतं. ती विसरली होती असं म्हणणंही बरोबर नव्हतं. घरातल्या माणसांची पानं वाढताना ती कधी स्वतःला मोजायचीच नाही.

म्हणूनच वृंदाला नुसती नळी नको होती, माणूस ओळखणारं यंत्र हवं होतं. अण्णांच्या बाबतीत ते परत घडायला नको होतं.

"हा बोलतो," जमादार पुढचा कमोड दाखवत म्हणाले. "सुप्रभात म्हणतो."

"नको. सकाळी मला माणसंही बोललेली चालत नाहीत."

"हा सरळ दवाखान्यात कळवतो."

"माझ्याआधी?" अण्णांची काठी फरशीवर वाजली. "पुढे चला."

"मग नववाच घ्या. आधी ज्याचं त्याला सांगतो, आणि त्यानं नेमलेल्या एका माणसाला. नाव नोंदवलं नसेल त्याचं काहीच बघत नाही. पाहुण्याची लाज राखतो."

"शहाणं आहे," अण्णा म्हणाले.

आठ दिवसांनी न्हाणीघर तयार झालं. फिकट हिरव्या फरशा, भिंतीला धरायला दांडी, आणि कोपऱ्यात तो पांढराशुभ्र नववा. दुपारी वृंदानं पाटीएवढा पडदा हातात घेऊन नोंदणी सुरू केली. या घरात कोण राहतं? तिनं अण्णांचं नाव, वय, औषधं लिहिली. कळवायचं माणूस म्हणून स्वतःचा नंबर दिला. आणखी कोणी? तिनं 'नाही' दाबलं.

"झालं?" अण्णांनी दारातून विचारलं.

"झालं. तुमचं सगळं घातलंय."

"बघू."

त्यांनी चष्मा लावला. नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसा तो पडदा वाचला, वरून खाली, मग पुन्हा वरून.

"आई गेल्यापासून तू इथेच राहतेस ना, वृंदे?"

"हो. म्हणजे काय?"

"आणि डॉक्टरांनी तुला काय सांगितलं होतं? आईला आतड्याचा कर्करोग झाला म्हणजे मुलीनं चाळिशीनंतर जपायचं. तुला सत्तेचाळिसावं चालू आहे."

वृंदानं पडद्याकडे पाहिलं. आपण तो प्रश्न वाचलाही होता, उत्तरही दिलं होतं, आणि हात जराही अडखळला नव्हता.

"सगळे म्हणायचे, ही अगदी आईवर गेली आहे," अण्णा हळूच म्हणाले. "मला फार बरं वाटायचं."

त्यांनी मागे जाण्याची खूण दाबली आणि पडदा तिच्या हातात दिला. आत नवं यंत्र निमूट उभं होतं. बादलीतला थेंब त्यानं शोधून काढला होता. पण न सांगितलेलं नाव ते कुठून शोधणार?

पडद्यावर तोच प्रश्न पुन्हा उमटला होता आणि उत्तरासाठी थांबून होता: घरात आणखी कोणी आहे?