लॉन्ड्रीला आग कुणी लावली?

"शेपटा, पोलिसांच्या त्या पट्टीच्या आत पाऊल टाकलंस तर बघ!" मुंगी ओरडली.

"पाऊल कुठे टाकलंय? नुसता अंगठा टाकलाय!"

शेपूट म्हणजे मुंगीचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे तो मागे असायचाच. त्यांच्या शेजारी उभा होता रेडिओ. तो झोपेतसुद्धा बोलतो, असं त्याची आईच सांगायची. खरं तर सुट्टीतल्या बेताप्रमाणे तिघं आत्ता सायकलींवरून तळ्याकडे निघालेली असती. पण काल संध्याकाळी लॉन्ड्री बंद झाल्यावर थोड्याच वेळात शटरखालून धूर यायला लागला आणि सगळे बेत तिथेच राहिले.

लॉन्ड्री मुंगीच्या बाबांची. कुलूप लावून शेवटी बाहेर पडला होता तो दादा, तिचा आतेभाऊ. दादा इस्त्री करायचा. कालच त्याचं आणि बाबांचं सुट्टीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि "जळो तुमची ती लॉन्ड्री!" असं तो भर रस्त्यात ओरडला होता. सगळ्या गल्लीनं ते ऐकलं होतं.

आता दादा पायरीवर डोकं धरून बसला होता. बाबा त्याच्याकडे बघतही नव्हते.

"इस्त्री चालूच ठेवून गेलास ना?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"नाही मामा! किती वेळा सांगू? मी प्लग काढला होता!"

आत तपास चालला होता. इन्स्पेक्टरबाईंनी आधी सगळ्या खोलीचे फोटो काढले होते. कुणालाही काहीही उचलू दिलं नव्हतं. मग कोपऱ्यापासून सुरुवात करून त्या राखेचा एकेक थर बाजूला करत होत्या. मुंगी डोळे फाडून बघत होती. बाईंनी इस्त्रीचा प्लग उचलला आणि भिंगातून त्याचे पितळी पाय पाहिले.

"काजळी आहे," त्या म्हणाल्या. "प्लग भिंतीत खोचलेला असता, तर हे पाय स्वच्छ राहिले असते. इस्त्रीनं आग लागलेली नाही."

"बघ! दादा सुटला!" रेडिओ उडालाच.

पण बाई थांबल्या नव्हत्या. भिंतीवर जळल्याची एक मोठी खूण होती. वर रुंद, खाली निमुळती. तिचं टोक धुतलेल्या कपड्यांच्या फळीवर येऊन थांबत होतं. म्हणजे आग तिथूनच वर चढली होती. बाईंनी तिथली राख हुंगली, पत्र्याच्या स्वच्छ डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं.

"तेलाचा वास आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हणजे तेल ओतून पेटवली!" हवालदारानं लगेच निकाल लावला. "आणि चावी कुणाकडे होती? याच्याकडे!"

"मी तसं म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याला चौकीवर यावं लागेल. नीट बोलायला हवं."

इस्त्रीतून सुटलेला दादा आणखी खोल अडकला होता!

"बाबा," ती घाईनं म्हणाली, "त्या फळीवर एका गाठोड्यात हॉटेलची फडकी होती ना? स्वयंपाकघरातली? त्यांनाच तेल..."

"धुतलेल्या कपड्याला तेल?" बाबा कडाडले. "माझी धुलाई आहे ती! मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

ती हवालदाराकडे धावली. तो म्हणाला, "बाळ, घरी जा." ती पट्टीपाशी जाऊन बाईंना हाका मारू लागली, पण बाई आतल्या खोलीत डबे बंद करत होत्या. दादा उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. जाताना एवढंच म्हणाला, "मुंगे, आईला तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार."

आत्याला काय सांगायचं? रेडिओसुद्धा गप्प झाला, यावरून काय ते समजा.

"ए पोरांनो, उभे काय राहिलात? ही हातगाडी बाजूला घ्या!" हवालदार खेकसला. "जीप काढायची आहे."

दुकानाच्या बाजूला, छपराखाली, हातगाडी उभी होती. तिच्यावर हॉटेलचं दुसरं गाठोडं होतं. काल संध्याकाळीच बांधून ठेवलेलं, आज पोचवायचं. आगीची झळ इथवर आलीच नव्हती. मुंगी आणि रेडिओ गाडी ढकलू लागले. शेपूट अर्थातच गाठोड्यावर चढून बसला.

"ताई, माझ्या बुडाला गरम लागतंय!"

"उन्हानं तापलं असेल."

"ऊन आहे कुठे? सावली आहे की!"

मुंगी थांबली. तिनं घड्यांच्या मधल्या फटीत हात घातला. वरचे कपडे गार होते. बोटं खोल गेली तशी ऊब वाढत गेली. आणि वास! करपलेल्या तेलाचा वास!

"उतर खाली! आत्ताच्या आत्ता!"

रेडिओनं गाठीला हात घातला. "उघडून बघू!"

"नको! बाई आधी बघतात, मग हात लावतात. सकाळपासून बघितलं नाहीस?"

ती हवालदाराकडे पळाली. "काका, ते गाठोडं आतून गरम आहे!"

"लॉन्ड्रीतले कपडे गरमच असतात."

"कालचे?"

पण तो जीपमध्ये चढलासुद्धा! बाईही पुढे येऊन बसल्या. इंजिन घुरघुरलं. ओरडून कुणी ऐकणार नव्हतं. मुंगीनं रेडिओकडे पाहिलं, रेडिओनं मुंगीकडे, आणि दोघांनी हातगाडीला असा रेटा दिला की ती गडगडत जाऊन जीपसमोर आडवी उभी राहिली.

"कार्ट्यांनो!" हवालदार खाली उतरला. मागोमाग बाईही उतरल्या.

"आधी हात लावून बघा," मुंगी म्हणाली. "मग काय ते रागवा."

बाईंनी हात लावला. त्यांचा चेहरा बदलला. "सगळे मागे व्हा! पाण्याची बादली आणा!"

गाठोडं मोकळ्या जागेवर उतरवलं गेलं. बाईंनी चिमट्यानं एकेक घडी उलगडली. वरची फडकी पांढरी. मग पिवळट, मग तपकिरी. आणि मधोमध पावाच्या करपलेल्या कडेसारखी काळी! धुराची एक बारीक रेघ वर आली.

"बाहेरून पेटवलं असतं, तर कडा आधी जळल्या असत्या," बाई म्हणाल्या. "हे आतून जळतंय." त्या बाबांकडे वळल्या. "कपडे वाळवल्यावर तुम्ही काय करता?"

बाबांनी मान खाली घातली. मुंगी वाट बघत राहिली, पण ते बोलले नाहीत. जीपच्या खिडकीतून दादा तिच्याकडे बघत होता.

"गरम असतानाच घडी घालतो," मुंगी म्हणाली. "वाळवायच्या मशीनमधला शेवटचा गार वारा बाबा लावत नाहीत. गरम घडी सरळ बसते, इस्त्री लागत नाही. मग गुडघ्यानं दाबून घट्ट बांधतो. खूप मावतात."

"इतकी वर्षं असंच करतोय मी!" बाबा एकदम म्हणाले.

"आणि हॉटेलचे कपडे कधीपासून घेता?"

"याच महिन्यापासून," बाबा पुटपुटले.

"तेल धुऊन पूर्ण जात नाही. उरलेल्या तेलाचा हवेशी संयोग होतो आणि उष्णता तयार होते. कपडे गार आणि सुटे असले, तर ती निघून जाते. पण कपडे आधीच गरम आणि घट्ट दाबलेले असले, की तिला वाट मिळत नाही. आतल्या आत ती वाढत जाते." बाईंनी जीपचं दार उघडलं. "राखेची तपासणी होईलच. पण मला वाटतं, ही आग कुणी लावलेली नाही. तू घरी जा."

दादा उतरला. बाबांनी त्याच्या दिशेनं हात पुढे केला, पण तो तसाच हवेत राहिला. दादा त्यांच्या बाजूनं सरळ पुढे निघून गेला. मुंगीपाशी क्षणभर थांबून त्यानं तिच्या डोक्यावर थोपटलं, आणि कोपऱ्यावरून वळला.

"पुन्हा माझी जीप अडवलीत, तर तिघांनाही आत टाकीन!" बाई म्हणाल्या. मग त्यांनी तिघांशी एकेक करून हात मिळवला. शेपटाशी सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात जास्त वेळ. "गाठ सोडली नाहीत, ते फार बरं केलंत. हवा लागून भडका उडाला असता. शाब्बास!"

"मी सोडणारच होतो," रेडिओ म्हणाला, आणि पहिल्यांदाच लाजला.

जीप गेली. मुंगी काळ्या दाराकडे बघत उभी राहिली. रहस्य उलगडलं होतं, पण लॉन्ड्री जळालेलीच होती. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. आता ओरडतील, असं तिला वाटलं.

"ते मी बोलायला हवं होतं," बाबा म्हणाले. "तुला बोलावं लागलं."

मुंगीनं मान हलवली.

"बरं केलंस पोरी. चल, आत्याकडे जाऊ. माझं चुकलं, हे तिला मात्र मीच सांगणार. तू नुसती बरोबर राहा."

मुंगीनं त्यांचा हात धरला.