पहिला तुकडा कुणी चाखायचा?

आगाशीच्या बाजारात मालूमावशीच्या टोपलीपाशी उभी राहून क्षितिजा चिंच चोखत होती. चिंच अशी काही आंबट, की तिचा डावा डोळा आपोआप मिटला… आणि नेमका त्याच क्षणी समोर एक जण खांद्यावरचं पोतं खाली ठेवत होता.

"दिवसाढवळ्या?" तो म्हणाला. "भर बाजारात डोळा मारता?"

"मी? मी कशाला… चिंच आंबट आहे!"

"हां. पकडलं की सगळे चिंचेवरच ढकलतात."

मालूमावशी खदखदून हसली. "गप रं ऑस्टिन! चांगल्या घरची पोर हाय. समोरच्या पतपेढीत बसते. दर गुरवारी दुपारची येते नि आंबट खाते. लगीन व्हायचंय म्हनते, न्हायतर मी वायलाच अर्थ काढला असता."

क्षितिजाचे कान तापले. चिंचेचे पैसे टोपलीत टाकून ती तडक निघाली, ती पतपेढीच्या पायरीपर्यंत मागे वळली नाही. पायरीवर मात्र वळलीच. पोत्यातली लिंबं ओतता ओतता तोही इकडेच बघत होता.

खरी गोष्ट मालूमावशीला ठाऊक नव्हती. लेकीचं लग्न जमावं म्हणून आईने क्षितिजाला संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरायला लावले होते. शुक्रवारी गूळ-चणे खायचे आणि आंबटाला शिवायचंसुद्धा नाही. आता जी मुलगी साध्या वरणभातावर लिंबाची फोड दोनदा पिळून घेते, तिने करावं काय? ती गुरुवारीच उद्याची हौस भागवून घेई. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. सोळा शुक्रवार म्हटलं की नवरा आला, आणि नवरा म्हटलं की शेजारच्या टेबलावरच्या ऋतिकाने दिवसभर पिडलं असतं.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा होता. गासला त्यांची वाडी होती. तिथली लिंबं स्कूटरवर लादून तो मालूमावशीला आणून देई. एरवी वसईला एका कारखान्यात फिटर.

"आज काय, बोरं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. डोळा कुठला मिटतो ते बघायचंय."

त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने खिशातून मूठभर रायआवळे काढून तिच्या हातावर ठेवले. "वाडीतले आहेत. विकायचे नाहीत." त्याच्या बोटांना लिंबाच्या सालीचा वास होता. तो वास दुपारभर तिच्या तळहाताला राहिला, आणि क्षितिजाने व्याजाचा एक हिशोब तीनदा चुकवला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नाही. इतकंच, की बुधवारी तिला झोप येईना, शुक्रवारी कामात जीव लागेना, आणि शनिवार-रविवार तर नुसते रांगत जात. घरात ती कपाट उघडायची, आपण काय घ्यायला आलो ते विसरायची आणि पुन्हा बंद करायची.

"पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?" आई विचारायची.

अशातच एके संध्याकाळी आईने बातमी दिली. "धुळवड झाली की त्या रविवारी अकराला मुलाकडचे येतायत. मंत्रालयात आहे मुलगा. देवी पावली बघ!"

क्षितिजा "हं" म्हणाली. आणि रात्रभर छताकडे बघत राहिली. ऑस्टिनच्या मनात काही आहे की नुसती चेष्टामस्करी, हे तिला त्या रविवारच्या आत कळायला हवं होतं. पण विचारायचं कसं? चिंचेच्या टोपलीपाशी? मालूमावशीच्या देखत?

वाट काढली ती पतपेढीचे मॅनेजर सदानंदभाऊ यांनी, स्वतःच्याही नकळत. "या धुळवडीला सगळ्या स्टाफने मिळून कोंबडी करायची," त्यांनी फर्मान काढलं. ऋतिकाने केबलवर कुठल्याशा कार्यक्रमात पाहिलं होतं, त्यामुळे रस्सा नको, ग्रिल हवं. संत्र्या-लिंबाच्या रसात नि हिरव्या मसाल्यात मुरवायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. "पण करायचं कुठे? आमच्या सोसायटीत धूर केला तर सेक्रेटरी मलाच भाजेल."

"माझ्या ओळखीत एक वाडी आहे," क्षितिजा बोलून गेली. मग जीभ चावली.

गुरुवारी तिने ऑस्टिनला विचारलं, तेव्हा तो जरा थबकला. "धुळवड म्हणजे… शुक्रवारी?"

"शुक्रवारीच आलीय. मी काय करू? अडचण असेल तर—"

"नाही, नाही." त्याने मान हलवली. "तू सांगितलंस ना. चालेल."

धुळवडीच्या दिवशी गासच्या वाडीत ऊन नुसतं तळपत होतं, पण केळीखाली गार होतं. तिथेच ऑस्टिनने विटा रचून त्यावर खिडकीची जुनी लोखंडी जाळी घासूनपुसून ठेवली होती. खाली करवंट्यांचे निखारे. सदानंदभाऊ गुलाबी झालेल्या टकलाने झोपाळ्यावर बसून सूचना देत होते. क्षितिजाने आदल्या दिवशी कोथिंबीर, पुदिना, आलं-लसूण, हिरवी मिरची वाटून डबा आणला होता. डबा पुढे करून ती दोन पावलं मागे सरली.

"लिंबं-संत्री तूच पीळ."

"का? हाताला काय झालं?"

"नेलपॉलिश जाईल."

ऑस्टिनने तिच्या नखांकडे पाहिलं. नखं कोरी होती. तो गालात हसला आणि लिंबं पिळायला बसला. रसाचा वास हवेत उडाला, आणि क्षितिजाच्या तोंडाला असं पाणी सुटलं की तिला तोंड फिरवावं लागलं.

कोंबडी तासभर रसात मुरली आणि जाळीवर चढली. गवती चहाची जुडी बांधून तो तीच रसात बुडवत होता आणि तुकड्यांवर फिरवत होता. चर्र… चर्र… निखारे फुसफुसायचे, धूर उठायचा आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला हात रिकामा नसायचा. एकदा क्षितिजाच्या हातातला रुमाल पुढे झाला. अर्ध्यावरच थांबला.

"पूस ना," तो जाळीवरची नजर न काढता म्हणाला. "डोळ्यात गेलं तर मीही डोळा मारीन."

तिने पुसलं. जरा घाईघाईनेच. ऋतिका लांबून मुद्दाम खोकली.

पहिला तुकडा झाला. कडा करपलेल्या, वरून हिरवट चकाकी. ऑस्टिनने तो केळीच्या पानावर मोडून तिच्यापुढे धरला. "मीठ बघ."

"तू बघ."

"मसाला तुझा."

"भाजलंयस तू."

"पहिला तुकडा तुझाच. घे ना, गरम आहे तोवर."

घ्यायला ती कशी घेणार! एक तर शुक्रवार, त्यात लिंबाने निथळणारी कोंबडी. आणि ऋतिका कान टवकारून उभी. "मला… नको," ती म्हणाली.

"उपास आहे?"

"नाही. असंच."

ऑस्टिनचा चेहरा उतरला. पान खाली ठेवून तो निखारे उगाचच सारत राहिला. मग हळूच म्हणाला, "आमच्या घरचं चालत नसेल, तर तसं सांग, क्षितिजा. मला आधी कळलेलं बरं."

असं वाटलं याला? क्षितिजाला सहन होईना. "आणि तुझं काय?" ती उसळून म्हणाली. "सकाळपासून बघतेय, माझा मसाला बोटाने तरी चाखलास? तुला तरी कुठे चालतंय माझ्या हातचं?"

तो काही बोलायच्या आत सदानंदभाऊ आले. "भांडण नंतर करा," म्हणत तो तुकडा त्यांनी उचलला आणि तोंडात टाकला. लगेच त्यांचे डोळे पाण्याने भरले.

"पाणी! अरे, पाणी द्या! मिठागर आहे हे!"

क्षितिजाने मीठ वाटतानाच घातलं होतं. ऑस्टिनने कोंबडी धुताना चोळलं होतं.

"दोन-दोन आचारी," सदानंदभाऊ तांब्या तोंडाला लावून ओरडले, "आणि चाखलं एकानेही नाही?"

आरडाओरडा ऐकून ऑस्टिनची आई, कॅथरिन आंटी, पदराला हात पुसत घराबाहेर आल्या. त्यांनी टोपात वाकून पाहिलं. "एवढं काय त्यात? नारळाचं दूध फासा वरून, पाव जास्त वाढा. खाल्लं जाईल." मग क्षितिजाकडे वळून म्हणाल्या, "तो कसा चाखणार, बाय? आमचा उपवासकाळ चाललाय. ईस्टरपर्यंत शुक्रवारी आम्ही मांस तोंडात घालत नाही. मी त्याला म्हटलं, पाहुण्यांना दुसरा वार सांग. तर म्हणतो, तिला नाही म्हणवत नाही."

"आई!" ऑस्टिन ओरडला. त्याचे कान निखाऱ्यासारखे झाले होते.

"खोटं बोलले का मी?" म्हणत आंटी नारळ फोडायला गेल्या.

ऑस्टिन कळशी घेऊन विहिरीकडे पळाला. क्षितिजाचे पाय आपोआप त्याच्या मागे गेले. ऋतिका काहीतरी म्हणाली; काय ते तिने ऐकलंच नाही.

तो कळशीला दोर बांधत होता. गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

"मी शुक्रवारी आंबट खात नाही," ती एका दमात म्हणाली. "शिवतही नाही. संतोषीमातेचं व्रत आहे. म्हणून लिंबं पिळली नाहीत. म्हणून तुकडा घेतला नाही. तुमच्या घरचं म्हणून नाही… कधीच नाही."

ऑस्टिनने मान वर केली. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. आणि तो असा हसत सुटला, की काठावरची कळशी धाडकन पाण्यात गेली; दोर तेवढा हातात राहिला. "म्हणजे गुरुवारची चिंच…"

"हो."

"आणि आपण दोघं सकाळपासून…"

"हो ना!" तीही हसू लागली. हसता हसता काठाला टेकली.

"पण व्रत कशासाठी?"

हसू विरलं. ती चपलेच्या टोकाने माती उकरत राहिली. "चांगला नवरा मिळावा म्हणून. आईने धरायला लावलंय."

"मग? मिळाला?"

"रविवारी येतोय. अकरा वाजता. मंत्रालयात आहे."

ऑस्टिन दोर ओढायचा थांबला. भरलेली कळशी अधांतरी लटकत राहिली. तिच्यातून पाणी निथळून खाली टपटप पडत होतं.

"तू काय सांगणार त्याला?"

"मला कोण विचारतंय? पोह्यांची बशी संपेपर्यंत त्यांचं ठरतं."

"एवढ्यात?" तो कसनुसा हसला. "मला तर सगळे गुरुवार लागले."

"काय ठरवायला?"

ती त्याच्याकडे बघत होती आणि यावेळी नजर काढायला तयार नव्हती. वाडीपलीकडच्या चर्चमधून घंटा ऐकू आली. आज तिथे 'क्रुसाची वाट' ही उपवासकाळातली प्रार्थना होती. त्याला जायचं होतं. तिची विरारची एसटीही सहाला होती. आणि हा माणूस नुसता दोर धरून उभा!

"ऑस्टिन… मी जाऊ?"

"थांब." त्याने कळशी काठावर ठेवली. "रविवारी चर्चमधली मिस्सा साडेआठला सुटते. स्कूटरने दहापर्यंत विरारला पोचतो. आलो तर… चालेल?"

"कशाला? बघायला?"

"बघून झालंय." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "सांगायला. तुझ्या आईला, बाबांना. मला तू हवीस हे तुला सांगितलं, की पुढे त्यांनाच सांगायचं राहतं ना?"

क्षितिजाच्या अंगातली इतक्या आठवड्यांची धावपळ एकाएकी थांबली. मग भीती आली. "ते चिडतील. तुझं नाव ऐकूनच… आणि तुझी आई?"

"माझ्या आईला कधीच कळलंय, मघाशी सगळ्यांसमोर बोललीच की. तुझे चिडतील. एकदा नाही, दहादा चिडतील. मी दहादा येईन." तो थांबला. "तुझे शुक्रवार तुझे राहतील, माझे माझे. आज एका जाळीपाशी दोघं उभे होतोच ना? कोंबडी खारट झाली, ते सोड."

त्याच्या ओल्या मनगटावर तिने दोन बोटं टेकवली… आणि उचलली नाहीत.

घरी पोचली तेव्हा आई रविवारचे पोहे चाळत होती. शेजारच्या इमारतीत पोरं अजून रंग खेळत होती.

"आई, रविवारी दहाला एक जण येणार आहे."

"दहाला कसे? मुलाकडचे अकराला म्हणालेत."

"ते नको येऊ देत. खाली बूथवर जाऊन मीच फोन करते त्यांना. तुला वाईटपणा नको."

चाळण थांबली. "कोण येणारेय?"

"ऑस्टिन. गासला राहतो. आज आम्ही त्याच्याच वाडीत होतो."

आईने चाळण बाजूला ठेवली. "ऑस्टिन," ती स्वतःशीच म्हणाली, जणू नाव जड आहे की हलकं ते तोलून पाहत होती. "आणि हे बाबांना कोण सांगणार? मी नाही हं सांगणार."

"मी सांगते. आत्ता आले की सांगते."

"घर डोक्यावर घेतील ते."

"घेऊ देत."

आईने लेकीकडे नीट पाहिलं. कितीतरी दिवसांनी ही पोरगी एका जागी उभी होती. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती पोह्यांचा डबा घेऊन आत गेली. आत बराच वेळ भांड्यांची आदळआपट चालली. मग आवाज थांबला, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आईने तोंड बाहेर काढलं.

"तो… आपल्याकडचा चहा घेतो ना गं?"