जोडखडकापाशी मारलेली हाक

नदीतलं खायचं शेवाळ वाळत घालायचं ते ऊन चढायच्या आत. एकदा ऊन तापलं की थर नीट पसरत नाही, गोळे होतात. त्या दिवशी मी घाटाच्या पायऱ्यांवर तट्टे मांडून तेच करत बसले होते. मार्च महिना होता. डोंगरांवर शेतं जाळायला सुरुवात झाली होती आणि नदीवर धुराचा पट्टा उतरला होता. पलीकडचा काठ असून नसल्यासारखा.

आमच्या होडीवाल्या खाम्पेतची होडी वळणावर दिसली. पुढच्या फळीवर रोमी बसली होती. तिच्यामागे हॅमिश.

या दोघांना मी ओळखत होते. तीन आठवड्यांपूर्वीच दोघं माझ्याकडे उतरली होती. नदीच्या काठी माझ्या चार खोल्या आहेत. येणारे जाणारे परदेशी पाहुणे एक-दोन रात्री राहतात, त्यांच्याशी बोलून बोलून मला त्यांची भाषा येऊ लागली. ही दोघं न्यूझीलंडची. लग्न झाल्या झाल्या नोकऱ्या सोडून निघालेली. जपान, तैवान, व्हिएतनाम करत लाओसला आली होती आणि पुढे वर्षभर आशिया हिंडणार होती.

"मधुचंद्र एवढा लांब असतो होय यांच्यात?" सासूबाईंनी तेव्हा मला विचारलं होतं. मी ते हॅमिशला सांगितलं.

"आजींना सांग, बायको कंटाळायच्या आत जमेल तेवढा उरकून घेतोय," तो म्हणाला.

सासूबाई तोंडावर हात धरून हसल्या होत्या. अकरा वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आता होडी घाटाला लागली. रोमीनं हॅमिशचा हात धरून त्याला उठवलं, पायरीवर उतरवलं. तो उतरला आणि जिथे उतरला तिथेच उभा राहिला.

"काय गं, बरं नाही का याला?" मी विचारलं.

रोमी त्याचा हात सोडेना. तिचे ओठ फाटले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. खाम्पेतच हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, मागच्या वेळी तुमच्याकडून वर निघालो ना... जोडखडकापाशी होडी आपटली. हा पाण्यात गेला. मी लगेच काढला त्याला. खरचटलंसुद्धा नव्हतं."

जोडखडक आमच्या गावापासून वर, होडीनं अर्ध्या तासावर. दोन खडकांच्या मधून पाणी पिळा घेत जातं. खाम्पेत 'जोडखडक' म्हणाला आणि लगेच त्यानं नजर वळवली. माझा नवरा सोमफोन तिथेच गेला होता, अकरा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, भरल्या नदीतून मालाची होडी आणताना. होडी सापडली. तो नाही सापडला.

रोमी रात्री माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसली.

"डॉक्टरांना दाखवलं. दोन ठिकाणी. सगळं ठीक आहे म्हणतात." ती थांबत थांबत बोलत होती. "पण तो... मी भरवलं तर खातो. झोप म्हटलं की झोपतो. काल मी त्याला माझं नाव विचारलं, मणि. त्यानं सांगितलं. बरोबर सांगितलं. पण पाटीवरचं वाचून दाखवावं ना, तसं."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती. तरी त्यांनी विचारलं, "कुठे पडला पोरगा?"

मी सांगितलं.

त्या उठल्या, ओसरीवर गेल्या. हॅमिश भिंतीला टेकून बसला होता. त्यांनी त्याचं मनगट हातात घेतलं, कानशिलाला हात लावला, मग त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घेतला. बराच वेळ त्या तशाच होत्या.

"रिकामा आहे," परत येऊन त्या म्हणाल्या. "सगळे तिथेच राहिलेत."

आमच्यात म्हणतात, माणसात बत्तीस जीव नांदतात. मोठी भीती बसली की एखाददुसरा निसटतो. मग जिथे निसटला तिथे जायचं, जाळ्यात माणसाचा अंगातला सदरा ठेवायचा, भाताचा मुटका, उकडलेलं अंडं ठेवायचं, आपल्या माणसानं नाव घेऊन हाक मारायची आणि जाळं पाण्यातून ओढून जीव घरी आणायचा. सासूबाईंनी गावातल्या कितीतरी पोरांचे आणले आहेत. सोमफोनसाठीही त्या नऊ दिवस जाळं टाकत होत्या. काही आलं नाही. येणार कुठे? परतायला देहच नव्हता.

मी हे रोमीला समजावून सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

"कधी जायचं?" तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. खाम्पेत, सासूबाई, रोमी आणि मी. हॅमिशला उंबऱ्यावर बसवून ठेवलं होतं. तो कुठे जाण्यातला नव्हता.

जोडखडकाच्या खाली खाम्पेतनं इंजिन बंद केलं आणि बांबू रोवून होडी धरली. इंजिन थांबल्यावर पाण्याचा आवाज आला. दोन खडकांच्या मधे पाणी घशात अडकल्यासारखं गुरगुरत होतं. धूर इतका खाली आला होता की डोळे झोंबत होते. ओल्या दगडाचा, कुजलेल्या पानांचा वास होता. सासूबाई होडीच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या. लांब काठीचं झोळीसारखं जाळं त्यांनी डाव्या बाजूनं पाण्यात सोडलं.

"हाक मार म्हणावं."

"हॅमिश," रोमीनं हाक मारली. आवाज चिरकला. "हॅमिश, घरी चल."

जाळं वर आलं. हलकं होतं. सदरा, मुटका, अंडं, बाकी काही नाही.

"पुन्हा."

या वेळी रोमीनं मोकळ्या गळ्यानं हाक मारली. आणि डावीकडच्या खडकामागून काहीतरी आलं. शब्द नव्हता. कुणीतरी दूरवरून, धापा टाकत 'ओ' द्यावी तसं. रोमी ताडकन उठली, होडी डुलली. खाम्पेतनं बांबूवर जोर दिला. तो खालीच बघत होता, त्यानं बहुधा ऐकलं नसावं.

"तिकडे... मणि, तिकडे आहे तो," रोमी म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांची मान डावीकडे वळली होती. मग त्यांनी जाळं उचललं, होडीवरून फिरवलं आणि उजव्या बाजूला पाण्यात सोडलं.

"आई," मी म्हणाले, "आवाज इकडून..."

"गप्प बस."

रोमीनं तिसरी हाक मारली. त्याच क्षणी, तिच्या हाकेच्या खाली दडवून, सासूबाई पुटपुटल्या. मी त्यांना खेटून बसले होते. त्यांनी हॅमिशचं नाव घेतलं नव्हतं.

जाळं ओढलं गेलं. काठी वाकली. मला हात लावावा लागला, तेव्हा कुठे ते वर आलं. सदरा भिजून काळा पडला होता. आत दुसरं काही दिसत नव्हतं. पण ते होडीत ठेवलं तेव्हा होडीची कड माणूस चढल्यासारखी खाली गेली.

येताना कुणी मागे वळून बघायचं नसतं. रोमीनं बघितलं नाही. डाव्या खडकामागून पुन्हा तसाच आवाज आला, एकदा, मग थोडं जवळून एकदा. खाम्पेतनं इंजिन सुरू केलं आणि ते त्यात बुडालं.

घरी पोचल्यावर मी रिवाजाप्रमाणे आधी वर गेले आणि दारात उभी राहून विचारलं, "आला का?"

सासूबाई जाळं छातीशी धरून पायऱ्या चढत होत्या. "आला," त्या म्हणाल्या. "माझा आला."

त्यांनी ओला सदरा हॅमिशच्या खांद्यावर टाकला, जीव पुन्हा निसटू नये म्हणून त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. तो थरथरला. छाती भरून त्यानं श्वास घेतला, खोल गेलेला माणूस वर येऊन घेतो तसा. चेहऱ्यावर रंग आला. त्यानं रोमीकडे पाहिलं, अगदी नवीन काही पाहावं तसं, आणि हसला. ती त्याच्या गळ्यात पडून रडायला लागली. तीन आठवड्यांचं रडणं होतं ते. मीही डोळे पुसले. त्या घटकेला मलाही वाटलं, आपणच काहीतरी भलतं ऐकलं असेल.

संध्याकाळी तो जेवायला बसला. भाताच्या टोपलीचं झाकण काढलं, चिमूटभर भात घेऊन मुटका केला आणि खायच्या आधी तो कठड्यावरून नदीत टाकला. न बघता. हात आपोआप गेला. सोमफोनचं होडीवर जेवण असायचं, पहिला घास नदीला. घरीही त्याची ती सवय सुटली नव्हती.

माझ्या हातातली वाटी खाली पडली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या त्याला मासा वाढत होत्या, काटे काढून.

भांडी घासताना मी विचारलं, "आई, कुणाचं नाव घेतलंत तुम्ही?"

"अकरा वर्षं घेतेय तेच."

"तो पोरगा... तो तिथे होता. त्यानं ओ दिली. त्याचीही आई असेल कुठेतरी."

"तिला तो दिसेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरी जाईल, जेवेल, म्हातारपणी तिला धरून चालवेल. मला काय दिसलं, मणि? तुला काय दिसलं?"

मी भांडी पालथी घातली. खरं सांगते, मी रात्रभर जागी होते ती रोमीच्या काळजीनं नाही. पलीकडच्या खोलीत तो होता. मधे फक्त वेताची भिंत. मला वाटत होतं, तो उठून येईल. मला वाटत होतं, यावा.

तो आला नाही.

सकाळी दोघांनी सामान बांधलं. रोमीचा चेहरा उजळला होता. "आधी लुआंग प्रबांग, मग कंबोडियाचा समुद्रकिनारा," ती म्हणाली. "त्यालाच घाई झालीय. समुद्र बघायचाय म्हणे. समुद्राकाठी वाढलाय हा माणूस, मणि!"

सोमफोननं समुद्र कधी पाहिला नव्हता. आमच्या देशात तो नाहीच.

सासूबाईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांना वाटलं होतं, तो राहील. घाटावर त्यांनी त्याचं मनगट पकडलं, दोऱ्यासकट. "एक दिवस," त्या म्हणत होत्या. "एकच दिवस राहा रे." रोमीला वाटलं, म्हातारीला माया लागली. तिनं त्यांना मिठी मारली. त्यानं मात्र त्यांची बोटं एकेक करून सोडवली. हलकेच. दुखणार नाही अशी.

रोमी होडीत चढली. तो माझ्याजवळून जाताना थांबला. एवढ्या जवळ की त्याच्या श्वासाचा वास आला. ओला दगड, कुजलेली पानं.

"सांगू नकोस," तो म्हणाला. आमच्या भाषेत, आमच्या खोऱ्यातल्या हेलात.

मग होडीच्या मागच्या टोकावरून चढला. खाम्पेतच्या हातातला बांबू घेऊन त्यानं एका रेट्यात होडी प्रवाहात घातली आणि पुन्हा घाटाकडे पाहिलं नाही.

मी सांगितलं नाही. त्यानं सांगितलं म्हणून, की ती हसत होती म्हणून, की अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो मला सोडून दुसरीबरोबर गेला हे कुणाला कळू नये म्हणून, ते मलाही नीट माहीत नाही.

सासूबाई त्यानंतर फारशा बोलल्या नाहीत. पावसाळा संपता संपता गेल्या.

रोमीची पत्रं येत राहिली. कंबोडियाहून, पेनांगहून, मग श्रीलंकेहून. हॅमिश छान आहे. मासे खूप खातो. कुठल्याही होडीवाल्याशी दोन दिवसांत दोस्ती होते त्याची. आईला फोन करायचं मात्र त्यानं सोडलंय, फोनवर काय बोलायचं सुचत नाही म्हणतो. परतायचं नाव काढत नाही. म्हणून आम्ही आणखी वर्षभर राहायचं ठरवलंय. मधुचंद्र काही संपत नाही बघ आमचा.

मी दर वेळी उत्तर लिहायला बसते. 'प्रिय रोमी' एवढंच लिहून होतं.

परवा खाम्पेत मीठ आणि तेल घेऊन आला. पोती उतरवून पायरीवर टेकला.

"वहिनी, तुम्हाला पाखरं कळतात का हो?"

"का रे?"

"जोडखडकापाशी एक नवीन पाखरू आलंय. दिसत नाही. दुपारी ओरडतं, इंजिन बंद केलं की. आधी खालचा सूर, मग वरचा." त्यानं तोंडाला हात लावून मला काढून दाखवलं. "रो... मी. रो... मी. असं. मी असलं पाखरू कधी ऐकलं नाही."

"असेल कुठलंतरी," मी म्हणाले.

"असेल." तो उठला, पाठ सरळ केली, दोर सोडायला लागला. "पहिल्यांदा नुसतं डाव्या खडकामागून ओरडायचं. गेल्या आठवड्यात अर्ध्या वाटेवरच्या पांढऱ्या वाळूपाशी ऐकलं. आज येताना तर इथे, या वळणाच्या पलीकडेच होतं."